रस्त्याची बाराखडी



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक गहन विषयांवरील व्याख्याने आपण ऐकली आहेत. त्या मानाने आजचा माझा विषय अगदी साधा, किंबहुना कोणाला क्षुल्लकही वाटेल. मोटार किंवा स्कूटर चालवण्याचा शिकाऊ परवाना काढताना जी लहानशी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातील चिन्हे आणि नियम यांविषयी मी बोलणार आहे. विषय साधा खरा; पण २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. त्यांतील जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. तेव्हा ज्यांच्या दारात वाहन नाही, त्यांचाही या विषयाशी संबंध आहे. व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला एक तरी रस्ता ओलांडूनच घरी जायचे आहे.

आमच्या शेजारच्या एका मुलाची हकीकत सांगतो. त्याला अठरावे वर्ष लागले आणि त्याने परवान्याची तयारी सुरू केली. बाजारातून चिन्हांचे पुस्तक आणले, दोन रात्री जागून पाठ केले आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. पेढे घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा मी सहज विचारले, "गावाबाहेर आपला रस्ता हमरस्त्याला मिळतो ना, तिथे एक त्रिकोणी पाटी आहे, टोक खाली केलेली. ती कशाची रे?" मुलगा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "काका, ती उलटी लागली असेल. पेंटरची चूक!"

मला हसू आले, पण पेढा गोड लागेना. कारण ती पाटी उलटी लागलेली नव्हती. ती मुद्दाम तशी असते आणि तिचा अर्थ आहे : 'हमरस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या.' पुस्तकातले ते चित्र त्या मुलाने बरोबर ओळखले होते. रस्त्यावरची पाटी मात्र त्याला वाचता आली नाही. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि रस्ता वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीकडे कसे जावे, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा पुष्कळ वर्षे होता. त्याच्या जागी १९८८ चा कायदा आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याच्या उमेदवाराला चार गोष्टींचे ज्ञान असावे लागते. वाहतुकीची चिन्हे, दिवे व रस्त्याचे नियम ही पहिली. अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये ही दुसरी. माणूस नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी ही तिसरी, आणि वाहनाबरोबर बाळगावयाची कागदपत्रे ही चौथी. शंभरात साठ गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी वाहन चालवून दाखवता येते. मधल्या काळात पुढे-मागे तांबड्या रंगातील 'एल' अक्षराची पाटी लावायची आणि पक्का परवाना असलेला शिकवणारा बरोबर घ्यायचा.

२०२१ पासून महाराष्ट्रात ही पहिली परीक्षा घरबसल्या संगणकावर देण्याची सोयही झाली. सोय उत्तमच आहे. पण घरी बसल्यावर शेजारी थोरला भाऊ बसू शकतो आणि उत्तरेही सांगू शकतो. घाटात, पावसात, समोरून मालमोटार येत असताना तो भाऊ शेजारी असेलच असे नाही.

आता चिन्हांकडे वळू. पुस्तकात शेकड्यांनी चित्रे असतात आणि नवशिक्याची छाती दडपते. वस्तुतः ती सुटी सुटी पाठ करण्याची गरजच नाही. भाषेला जसे व्याकरण असते, तसे या चिन्हांनाही आहे, आणि ते आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. पाटीचा आकार पाहा. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ आज्ञा करते आणि चौकोन माहिती देतो. बस, एवढेच.

वर्तुळाच्या आज्ञेचे पुन्हा दोन प्रकार आहेत. तांबड्या कडेचे वर्तुळ सहसा 'हे करू नका' किंवा 'यापेक्षा अधिक नको' असे सांगते. निळे वर्तुळ सांगते, 'हेच करा.' उजवीकडे वळलेला एक बाण घ्या. तो त्रिकोणात असेल, तर अर्थ झाला 'पुढे रस्ता उजवीकडे वळतो आहे, सांभाळा.' तोच बाण तांबड्या वर्तुळात आडव्या रेघेने खोडलेला असेल, तर 'उजवीकडे वळण्यास मनाई.' निळ्या वर्तुळात असेल, तर 'उजवीकडेच वळले पाहिजे.' बाण एकच. पण घर बदलले की अर्थ बदलतो. भोंग्याचेही तसेच. तांबड्या वर्तुळात खोडलेला भोंगा रुग्णालयापाशी दिसतो. तिथे हॉर्न वाजवायचा नाही. निळ्या वर्तुळातला भोंगा घाटातल्या आंधळ्या वळणावर असतो. तिथे हॉर्न वाजवलाच पाहिजे, कारण पलीकडच्याला आपण दिसत नाही. ज्याने नुसता भोंगा पाठ केला, तो या दोन्ही ठिकाणी गोंधळणार; ज्याने वर्तुळाचा रंग पाहिला, तो चुकणार नाही.

दोन पाट्यांना मात्र मुद्दाम निराळा आकार दिला आहे. 'थांबा' ही पाटी अष्टकोनी असते आणि 'वाट द्या' ही टोक खाली असलेली त्रिकोणी. हा अपवाद कशासाठी? या दोन आज्ञा मोडल्या तर आडव्या रस्त्यावरचे वाहन सरळ आपल्या कुशीत शिरते. म्हणून त्या पाट्या चिखलाने माखल्या, रंग उडाला, धुके पडले, तरी नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू आल्या पाहिजेत. याचा आणखी एक फायदा आहे. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला ती पाटी पाठमोरी दिसली, तरी कळते की बाजूच्याला थांबायला सांगितले आहे. आमच्या शेजाऱ्याला जी पेंटरची चूक वाटली, ती अशी विचारपूर्वक केलेली योजना होती.

बारकावेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे कडे आणि एकच तिरपी रेघ असेल, तर वाहन उभे करून ठेवण्यास मनाई. दोन रेघांची फुली असेल, तर क्षणभरही थांबायचे नाही. रेल्वे फाटकाच्या त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल, तर तिथे राखणदार आहे. आगगाडीच्या इंजिनाचे चित्र असेल, तर कोणी नाही, आपली काळजी आपणच घ्यायची. चित्रातले ते इंजिन अजून वाफेचे आहे. वाफेची इंजिने नेहमीच्या वाहतुकीतून गेली, पण त्या आकृतीवरून लहान मूलही 'आगगाडी' असे चटकन सांगते, आणि चिन्हाला एवढेच हवे असते.

जमिनीवर रंगवलेल्या रेषा हाही याच भाषेचा भाग आहे. मधली पांढरी रेषा तुटक असेल, तर समोरचा रस्ता मोकळा पाहून ती ओलांडता येते. अखंड असेल, तर ओलांडायची नाही. एक अखंड आणि एक तुटक अशा दोन रेषा शेजारी शेजारी असतील, तर जी आपल्या बाजूला ती आपल्यासाठी. अखंड रेषा आखणाऱ्याने ती जागा पाहिलेली असते. पुढे चढ आहे, वळण आहे, समोरचे दिसत नाही, हे त्याला ठाऊक असते; आपल्याला नसते.

ही भाषा एका दिवसात तयार झालेली नाही. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये तांबडा आणि हिरवा असे गॅसचे दिवे असलेला पहिला खांब उभारला गेला. नाइट नावाच्या एका रेल्वे इंजिनियरची ती कल्पना. रंगांचा संकेत त्याने रेल्वेतूनच घेतला होता. पण पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन दिवा चालवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग थांबला. मोटारी आल्यावर १९०९ साली पॅरिस येथे काही राष्ट्रांनी एकत्र येऊन चार धोक्यांसाठी समान चिन्हे ठरवली : खडबडीत रस्ता, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. अक्षरांऐवजी चित्रे घेण्याचे कारण उघड होते. मोटार सरहद्द ओलांडते. भाषा मात्र सरहद्दीवर अडते. पुढे १९६८ साली व्हिएन्ना येथे चिन्हे व संकेत यांविषयी मोठा करार झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला.

या इतिहासात आपल्या मराठी माणसाचाही वाटा आहे. देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्या समितीच्या शिफारशींतून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्यावरच्या पाट्या कशा असाव्यात, कोठे लावाव्यात, याची संहिता आज हीच संस्था प्रसिद्ध करते. भारतासारख्या अनेक लिप्यांच्या देशात तर चित्रांचे मोल फारच मोठे. खंबाटकीच्या घाटात तामिळनाडूचा चालकही येतो आणि पंजाबचाही. दोघांनाही मराठी वाचता येत नाही. पण त्रिकोणातले नागमोडी वळण दोघेही सारखेच वाचतात.

चिन्हांचे झाले, आता नियमांकडे येऊ. आपण डावीकडून का जातो? डावी बाजू उजवीपेक्षा अधिक पवित्र किंवा सुरक्षित आहे काय? मुळीच नाही. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली; पण तेव्हा त्याच्याच ताब्यात असलेल्या गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखात सारे डावीकडून जात होते. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ या रविवारी पहाटे पाच वाजता सबंध देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. देशच्या देश बाजू बदलू शकतो. मात्र ती सर्वांनी एकाच वेळी बदलावी लागते. एकट्याने बदलली, की तो अपघात. यातून नियमाचे खरे स्वरूप कळते. रस्त्याचा नियम म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेले वचन आहे. समोरून येणारा चालक मला ओळखत नाही. पण मी माझ्या डाव्या बाजूलाच राहीन या भरवशावर तो आपल्या मुलाबाळांसह माझ्या शेजारून दोन हातांच्या अंतराने निघून जातो.

बाकीच्या नियमांनाही अशीच कारणे आहेत, आणि कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही. दिवा किंवा पोलीस नसलेल्या, सारख्याच दर्जाच्या रस्त्यांच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. का? डावीकडून चालणाऱ्या देशात चौकात शिरताना प्रथम आडवी येते ती उजवीकडची वाहतूक. मध्ये बेट असलेल्या गोल चौकातही आत फिरणाऱ्या वाहनांचा हक्क पहिला. बाहेरून येणाऱ्यांना तो हक्क दिला, तर आतली वाहने अडकतील, ती अडकली की बाहेर पडण्याची तोंडे बंद होतील, आणि सारा चौक गाठ बसल्यासारखा होईल. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढणीवर थांबलेले जड वाहन पुन्हा हलवणे कठीण असते आणि ते मागे घसरण्याचा धोका असतो. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे त्या मानाने सोपे.

पिवळ्या दिव्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पिवळा दिवा म्हणजे 'लवकर निघा' असे पुष्कळांना वाटते. त्याचा अर्थ 'थांबा' असाच आहे. रेषेच्या इतके जवळ आलो असू की सुरक्षितपणे थांबताच येणार नाही, तरच पुढे जायचे. लुकलुकणारा पिवळा दिवा मात्र सावकाश, सांभाळून जायला सांगतो, आणि लुकलुकणारा तांबडा सांगतो की आधी पूर्ण थांबा, मग पाहून निघा.

पुढच्या वाहनापासून अंतर ठेवा, हा नियम तर सर्वांना पाठ असतो आणि फारच थोडे तो पाळतात. त्यामागचे गणित करून पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ९ मीटर. एकूण २०. वेग दुप्पट केला, ताशी ८० केला, तर पहिले अंतर दुप्पट, म्हणजे २२ मीटर होते; पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे ३५ मीटर. एकूण ५७. वेग दुप्पट, पण थांबायला जागा जवळजवळ तिप्पट! पावसात याहूनही अधिक. वेगमर्यादेची पाटी लावणाऱ्याने हे गणित केलेले असते. आपण ते गाडी चालवताना करू शकत नाही. म्हणून त्याचे उत्तर तेवढे खांबावर लिहून ठेवलेले असते.

माणूस नसलेल्या फाटकाचा नियमही असाच. कायदा सांगतो की वाहन थांबवावे, बरोबरच्या वाहकाने किंवा मदतनिसाने खाली उतरून फाटकापर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मग वाहनाला पलीकडे न्यावे. असे कोणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. २०१९ च्या आरंभापर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटके संपवण्यात आली. तरी प्रश्न परीक्षेत आहे, आणि तो असावा असे मला वाटते. जिथे आपल्यासाठी कोणी पाहत नाही तिथे उतरून स्वतः पाहावे, हे शहाणपण फाटकांबरोबर संपलेले नाही.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग अपघातानंतरच्या कर्तव्यांचा. आपल्या वाहनाने कोणाला इजा झाली, तर चालकाने पळून जायचे नाही. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था करायची. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल, तर गोष्ट निराळी. पोलिसांना कळवायचे, आणि तेही चोवीस तासांच्या आत. रस्त्याने जाणारा तिऱ्हाईत मात्र पुष्कळदा मदतीला कचरतो. उगाच पोलिसांचे लचांड मागे लागेल, अशी त्याला भीती वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच असे कलम घातले आहे की सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही आणि त्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. इजा झाल्यानंतरचा पहिला तास जीव वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, हेही त्याच कायद्यात मान्य केले आहे. हे ज्ञान परवाना नसलेल्यालाही हवे.

मग अभ्यास कसा करावा? माझी सूचना अशी. पुस्तक जरूर आणावे, पण ते हातात घेऊन गावातून एक फेरी पायी मारावी. प्रत्येक पाटीपाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत : आकार कोणता? रंग कोणता? आणि ही पाटी इथेच का लावली असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोपऱ्यावरची शाळा दिसते, भिंतीआडचे वळण दिसते, अरुंद पूल दिसतो. असे एकदा पाहिलेले चिन्ह माणूस विसरत नाही. दिसायला सारखी चिन्हे जोडीने अभ्यासावीत, दोन बाणांची, दोन भोंग्यांची, दोन फाटकांची. ज्यांचा परवाना तीस वर्षांचा जुना आहे, त्यांनी मुलाबरोबर ही फेरी मारावी. मुलाला शिकवायला म्हणून नव्हे. आपल्याला किती आठवते ते पाहायला. मी स्वतः त्या शेजाऱ्याबरोबर अशी फेरी मारली, तेव्हा दोन पाट्या मलाच अडल्या, हे इथे कबूल केले पाहिजे.

परतताना आम्ही त्या हमरस्त्याच्या तोंडाशी उभे राहिलो. टोक खाली केलेला तो त्रिकोण आता त्याने दुरूनच ओळखला. "काका," तो म्हणाला, "समोरच्याला ठाऊक आहे की आपण थांबणार. म्हणून तो एवढ्या जोरात येतो." त्याला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले होते त्या दिवशी मी त्याचे अभिनंदन केले होते, पण तो उत्तीर्ण झाला असे मला वाटले ते या दिवशी.

घरी जाताना वाटेत एखादी पाटी दिसेल, तिच्याकडे आज जरा थांबून पाहावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.